माय मरो, पण मावशी जगो

'माय मरो, पण मावशी जगो' ही म्हण मराठी घरांतून अजूनही ऐकू येते. कानाला ती कठोर वाटते. पण तिच्यात आपल्या समाजाची एक जुनी व्यवस्था साठविलेली आहे. आई गेली तरी मूल उघड्यावर पडत नसे. मावशी, आत्या, मामा, चुलता यांपैकी कोणीतरी त्याला आपल्या पंक्तीला बसवून घेई. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोरा हे गाव डोळ्यांपुढे आणावे. राज्य मध्य प्रदेशाचे, बोली मराठी, जिल्हा केळीच्या बागांचा आणि सीमेपलीकडे जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुका. अशा गावांतून अनाथालय बांधण्याची गरज पिढ्यान् पिढ्या कोणास भासली नाही. नात्यागोत्याचे छप्पर पुरेसे आहे, असेच सर्वजण मानीत आले.

परंतु या छपराला तीन ठिकाणी भोके होती. पहिले भोक अब्रूचे. जे मूल जन्मास येणेच नातलगांना नको असे, त्याला मावशी कोठून मिळणार? दुसरे भोक दुष्काळाचे. मावशीच्याच घरी चूल पेटत नसेल, तर भाचराने कोठे जावे? तिसरे भोक शहराचे. घर सोडून निघालेला, आगगाडीच्या डब्यात झोपलेला, बाजारात चोरी करताना सापडलेला मुलगा कोणाच्याच नात्यात बसत नसे. या तीन भोकांतून खाली पडलेल्या मुलांना झेलण्यासाठी जे हात पुढे आले, त्यांचा इतिहास म्हणजेच आपल्याकडील बालगृहांचा इतिहास होय.

पहिल्या भोकाकडे प्रथम लक्ष गेले ते पुण्याच्या जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे. तरुणपणी विधवा झालेल्या स्त्रीचे पाऊल वाकडे पडले, किंवा तिच्यावर कोणी बळजोरी केली, तर तिच्यापुढे दोनच वाटा उरत. एक आत्महत्येची, दुसरी बालहत्येची. १८६३ मध्ये या दांपत्याने आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवावे, अशी तेथे मोकळीक होती. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेला तेथे झालेला मुलगा फुले दांपत्याने स्वतः दत्तक घेतला. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात एका आजारी मुलाला उचलून सावित्रीबाईंनी यशवंताच्या दवाखान्यात नेले आणि त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. मुलाला हात लावल्यावाचून त्याचा सांभाळ होत नाही, ही गोष्ट त्यांनी अशी सिद्ध करून दाखविली.

पंढरपूर हे यात्रेचे गाव. अडचणीत सापडलेल्या स्त्रीला यात्रेच्या निमित्ताने तेथे नेणे सोपे जाई. तेथे न्यायाधीश म्हणून आलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये अशाच बालकांसाठी एक आश्रम सुरू झाला. मुंबईच्या प्रार्थनासमाजाने तो चालविला आणि वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव त्याला लाभले. एका घरात सुरू झालेले काम येथे संस्थेचे झाले. संस्था म्हटली की इमारत आली, वर्गणी आली, हिशेब आला आणि पगारी माणूस आला. मूल सांभाळणे ही पगाराची नोकरी होऊ शकते, ही कल्पना आपल्याकडे अशा आश्रमांतून हळूहळू रुजू लागली.

दुसरे भोक फाटले ते दुष्काळांनी. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम काढून उपाशी मुलांच्या अन्नाची सोय केली. त्यानंतर वीस वर्षांनी, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतावर दुष्काळाचे संकट कोसळले. दापोरा ज्या निमाड जिल्ह्यात होते, तो जिल्हा त्या वेळी याच प्रांतात मोडे. मुंबईहून खंडव्याकडे व पुढे जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग बऱ्हाणपुरावरूनच जात असे व आजही जातो. या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळी छावण्या व गरीबखाने त्यांनी पाहिले आणि सुमारे तीनशे मुलींना आपल्याबरोबर आणले. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते, म्हणून भुकेल्या मुलीचा चेहरा त्यांना परका नव्हता. पुण्यात प्लेगाचे निर्बंध असल्यामुळे या मुलींची वसाहत केडगावच्या माळावर वसली. पुढे तिला मुक्ती सदन हे नाव मिळाले. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळामुळे तेथील मुलींची संख्या दीड हजाराच्या वर गेली.

दीड हजार मुलींना जेवू घालणे हे एक काम. त्यांना वाढविणे हे अगदी दुसरे. रमाबाईंनी मोठ्या मुलींच्या हाती लहान मुली सोपविल्या. शाळा, विणकाम, शेती, तेलाची घाणी, छापखाना असे उद्योग उभे केले. अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकविण्याची सोय केली. ख्रिस्ती मिशनांनीही दुष्काळाच्या काळात मध्य प्रांतात व पश्चिम भारतात अनेक अनाथालये चालविली. या साऱ्यांतील धर्मांतराचा वाद त्या काळी फार गाजला आणि तो खोटा नव्हता. भुकेल्या मुलाला निवड करण्याइतके स्वातंत्र्य असते काय, हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या अनाथालयाने स्वतःस विचारला पाहिजे. मात्र त्याबरोबर हेही नोंदले पाहिजे की, ज्या मुलींना कोणीही घेत नव्हते, त्यांना येथे घेतले गेले.

तिसऱ्या भोकातून पडणाऱ्या मुलांची गाठ प्रथम पडली ती पोलिसांशी. म्हणून त्यांच्यासाठी जे घर उभे राहिले ते तुरुंगाच्या नात्यातले होते. १८५० चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा हा मुलांविषयीचा आपल्याकडील पहिला महत्त्वाचा कायदा. अनाथ वा गुन्हेगार मुलाला एखाद्या कारागिराच्या हाताखाली द्यावे आणि धंदा शिकवावा, हा त्याचा उद्देश. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीने अशा मुलांसाठी उद्योगशाळा निघाली. १८७६ व १८९७ च्या कायद्यांनी सुधारशाळांना सरकारी रूप दिले. मुंबई इलाख्यातील मुलगा येरवड्यास जाई, मध्य प्रांतातील जबलपूरला. १८९७ च्या कायद्यात केवळ पंधरा वर्षांखालील मुलग्यांचा विचार होता, मुलींचा नव्हता. या शाळांतून सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम शिकविले जाई. पण पहारेकऱ्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा होता, आणि मुलाच्या मनात काय चालले आहे हे विचारणे त्याच्या कामात मोडत नव्हते.

१९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळे काढून त्यांच्यासाठी स्वतंत्र न्यायालये स्थापन करावीत, अशी शिफारस केली. त्यानंतर प्रांतोप्रांती कायदे झाले. मद्रासचा १९२० चा, बंगालचा १९२२ चा, मुंबईचा १९२४ चा आणि मध्य प्रांताचा १९२८ चा. म्हणजे रावेरच्या मुलाला एक कायदा आणि काही कोसांवरील दापोऱ्याच्या मुलाला दुसरा. मुलांची भाषा एक, खेळ एक, बाजार एक. परंतु दोघांचा हात धरणारे सरकार वेगळे. १९५६ पर्यंत दापोरा व नागपूर एका राज्यात होते. त्या वर्षी १ नोव्हेंबर रोजी ते वेगळे झाले. मध्य प्रदेशाने पुढे १९७० मध्ये आपला बाल अधिनियम केला. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांना एकच कायदा मिळण्यासाठी १९८६ चा बालन्याय अधिनियम यावा लागला.

कायदा छापला म्हणजे तो लागू झाला असे होत नाही. मुंबईचा १९२४ चा कायदा प्रत्यक्षात उतरला तो १९२७ मध्ये, जेव्हा बालन्यायालय सुरू झाले आणि मुलांच्या सांभाळासाठी चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. तिचे रिमांड होम उमरखाडीस, डोंगरीच्या जुन्या तुरुंगाच्या जागेत, भरले. १८८२ मध्ये लोकमान्य टिळक व आगरकर यांनी १०१ दिवस काढले तो हाच तुरुंग. तुरुंगाच्या भिंतींचे घर करावयाचे म्हणजे काय, हे त्या जागी रोज शिकावे लागले असेल. दारावरची पाटी एका दिवसात बदलता येते, पण रात्री भिऊन उठलेल्या मुलाकडे शिपायाने जावे की मावशीने, हे ठरविण्यास वर्षे लागतात.

येथे थोडे थांबून एका बाईची आठवण करणे योग्य होईल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांच्या धान्यासाठी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही विकले. कर्मठ घरात वाढलेल्या या बाईंनी सर्व जातींच्या मुलांना आपल्या स्वयंपाकघरात घेतले. त्यांना पगार नव्हता, हुद्दा नव्हता. आपल्याकडील पुष्कळशा संस्थांच्या पायाशी अशी एखादी लक्ष्मीबाई आहे. पुरुषाने संस्था काढावी, वर्गणी गोळा करावी, भाषणे द्यावीत. आणि मुलांचे डोके धुवावे, ताप पाहावा, रुसलेल्याला समजवावे ते कोणातरी बाईने. या कामाला आपण त्याग म्हटले, माया म्हटले. पण विद्या म्हटले नाही. म्हणूनच ते शिकविण्याची सोय करण्याचे आपल्याला सुचले नाही.

युरोपात ही गोष्ट थोडी आधी सुचली. जर्मनीतील हॅम्बुर्गजवळ योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३३ मध्ये रस्त्यावरील मुलांसाठी एक गृह काढले. शेकडो मुलांची बराक न बांधता त्यांनी सुमारे बारा-बारा मुलांची कुटुंबे केली, प्रत्येक कुटुंबात एक 'बंधू' ठेवला आणि पुढे त्या बंधूंच्या शिक्षणाचीही तेथेच व्यवस्था केली. वॉर्सा शहरात यानुश कोर्चाक या डॉक्टरांनी १९१२ पासून ज्यू अनाथ मुलांचे गृह चालविले. मुलांचे स्वतःचे न्यायालय तेथे होते आणि त्यापुढे मोठ्यांवरही तक्रार करता येई. गृहाचा रोजचा कारभार स्टेफानिया विल्चिन्स्का या बाईंनी सांभाळला. १९४२ च्या जुलैत, नाझींच्या वेढ्यात असताना, या मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' हे नाटक केले. पुढच्याच महिन्यात मुलांना मृत्युछावणीकडे नेण्यात आले, तेव्हा कोर्चाक व स्टेफानिया दोघेही मुलांबरोबर गेले.

महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडात अनाथ व निराधार मुलांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी कर्टिस समिती नेमली गेली. १९४६ मध्ये तिने आपला मुख्य अहवाल देण्यापूर्वीच एक अंतरिम अहवाल दिला. त्याचा विषय इमारती नव्हता, अनुदान नव्हता. मुलांचा सांभाळ करणाऱ्यांचे प्रशिक्षण हा होता. सर्व सुधारणांत ही सुधारणा थांबून राहू शकत नाही, असा त्याचा अर्थ. १९५१ मध्ये जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईच्या वा तिच्या जागी असलेल्या स्थिर व्यक्तीच्या सहवासावाचून बालकाच्या मनाची वाढ खुंटते, असे दाखविले. रुमानियात २००० नंतर झालेल्या अभ्यासात संस्थेतील मुले व पालक कुटुंबात दिलेली मुले यांची तुलना झाली. अगदी लहान वयात कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ अधिक चांगली झाल्याचे दिसले. दूध व ऊब असूनही, नावाने हाक मारणारे तेच ते माणूस रोज भेटले नाही, तर मूल कोमेजते. आपल्या म्हणीतील मावशीचे महत्त्व शास्त्राने असे मोजून सांगितले.

भारतात या शास्त्राची पहिली शाळा मुंबईत, नागपाड्यास, १९३६ मध्ये निघाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तिचे पहिले संचालक. सर दोराबजी टाटा यांच्या नावाची ही शाळा पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. समाजकार्य हा दोन वर्षे अभ्यास करून आत्मसात करावयाचा व्यवसाय आहे, ही गोष्ट तिने प्रस्थापित केली. १९५५ मध्ये मुंबईतच निर्मला निकेतन आणि १९६३ मध्ये पुण्याची कर्वे संस्था निघाली. येथून शिकून बाहेर पडलेल्यांनी परिवीक्षा अधिकारी म्हणून, अधीक्षक म्हणून, समुपदेशक म्हणून बालगृहांचे रूप पालटण्याचा प्रयत्न केला. संकटातील मुलांसाठी १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, तीही टाटा संस्थेच्याच एका उपक्रमातून. २०१८ मध्ये बिहारातील मुजफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर होत असलेले अत्याचार उघडकीस आले, तेही याच संस्थेच्या पाहणीमुळे. शिकलेली नजर बंद दारामागे गेली, म्हणूनच ते दार उघडले.

असे असूनही विद्येचा हा प्रवाह एका पायरीपाशी अडला. अधीक्षक शिकला, अधिकारी शिकला. मावशी तशीच राहिली. बालगृहातील मुले ज्या बाईला 'मावशी' म्हणून हाक मारतात, तिच्याबरोबर त्यांचा दिवस उजाडतो आणि मावळतो. २०१५ च्या बालन्याय कायद्याखालील २०१६ च्या नमुना नियमांत शंभर मुलांच्या संस्थेसाठी २५ माणसांचा आकृतिबंध सुचविला आहे. त्यांत गृहमाता वा गृहपिता किती? चार. आता साधा शाळकरी हिशेब करावा. दिवसाची एक पाळी व रात्रीची एक पाळी धरली, तर एका वेळी दोघीजणी. म्हणजे एकीच्या वाट्यास पन्नास मुले. एक आजारी पडली अथवा रजेवर गेली, तर दुसरीच्या वाट्यास शंभर. ज्या घरात चार मुले आहेत त्या घरातील आईला संध्याकाळी काय होते, हे श्रोत्यांना ठाऊक आहे. येथे पन्नास मुले, आणि त्यांतील प्रत्येकाच्या मनात काहीतरी मोडलेले. कोणी आईला डोळ्यांदेखत गमावले, कोणाला बापाने फलाटावर सोडून दिले, कोणी अशा गोष्टी पाहिल्या की ज्या सांगण्यास त्याच्याजवळ शब्द नाहीत. असे मूल अंथरूण ओले करते, चोरते, चावते, गप्प बसते. हे हट्टाचे लक्षण नसून दुखण्याचे आहे, हे ओळखणे शिकल्यावाचून जमत नाही. न शिकलेली चांगली बाईही थकून हात उगारते, आणि मग दोष तिच्या एकटीवर येतो.

दुसरी एक अडचण वयाची. कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षे पुरी झाली की मूल मूल राहत नाही. त्यानंतर एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे. पण प्रत्येकाच्या पदरी ती पडत नाही. ज्याला घरच नाही, त्याने अठराव्या वाढदिवशी कोठे जावे? सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ, वझ्झर नावाचे ठिकाण आहे. तेथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या मतिमंद, मूकबधिर, अंध, अपंग मुलांचा सांभाळ केला. या मुलांना त्यांनी बाप म्हणून आपले नाव दिले. अठरा वर्षांनंतरही अशा मुलांना त्याच घरी राहता यावे, ही त्यांची अनेक वर्षांची मागणी. २०२४ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. गौरव झाला हे चांगलेच. परंतु ज्या मागणीसाठी तो माणूस झगडला, तिचे उत्तर पदकात नसते.

आजचा कायदा एका अर्थाने पुन्हा दापोऱ्याकडेच वळला आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय; शक्य तोवर त्याने नातलगांत अथवा पालक कुटुंबात वाढावे, असे २०१५ चा कायदा सांगतो. मावशीची माया असूनही तिच्या हाती पैसा नसतो, हेही आता ओळखले गेले आहे. मध्य प्रदेश शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजनेत नातलगांकडे वाढणाऱ्या अनाथ मुलासाठी दरमहा ४,००० रुपये ठरविले आहेत. सीमेपलीकडे महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. गावातील शिक्षक, सरपंच, अंगणवाडी सेविका यांनी अशा घरापर्यंत ही माहिती पोहोचविली, तर कित्येक मुलांना बालगृहाची पायरी चढावीच लागणार नाही. एखादे निराधार मूल आढळल्यास १०९८ वर कळवावे. चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे नेले पाहिजे, असा नियम आहे. परस्पर कोणाला देऊन टाकणे, मग देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, मुलाच्या हिताचे नाही.

तरीही काही मुले अशी उरतील की ज्यांना मावशीही नाही. त्यांच्यासाठी बालगृह हवेच, आणि ते चांगले हवे. गावातील पुढारी किंवा सुखवस्तू कुटुंब एखाद्या सणाला बालगृहात जाते, मिठाई वाटते, छायाचित्र काढते आणि परत येते. मिठाई जरूर न्यावी. पण तेथे गेल्यावर अधीक्षकांना तीन प्रश्नही विचारावेत. येथे रात्री मुलांजवळ कोण असते? त्या बाईला शिकविण्याची काय सोय केली आहे? आणि तिचा पगार वेळेवर होतो काय? फुले दांपत्याच्या घरापासून आजच्या बालगृहापर्यंत दीडशेहून अधिक वर्षांत इमारती बदलल्या, कायदे बदलले, नावे बदलली. मुलाची गरज तेवढी बदललेली नाही. रात्री जाग आली तर हाक मारता येईल असे एक ओळखीचे माणूस त्याला जवळ हवे असते. त्या माणसाला शिकविणे, पुरेसे वेतन देणे आणि त्याचा मान राखणे, एवढे काम आपल्या पिढीकडे राहिले आहे.